जागा बघायला गेल्यावर आधी पाणी मागायचं

माझे वडील एसटीत कंडक्टर होते आणि त्यांचा माणसांवर विश्वास नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं आई म्हणायची. गाडीत चढणारा प्रत्येक जण तिकीट चुकवायलाच आलाय, अशा नजरेने ते माणसाकडे बघत. जो फार गोड बोलायचा, उगाच ‘साहेब साहेब’ करायचा, त्याला ते हटकून दोनदा तिकीट विचारत. ‘आईशप्पथ, काढलंय’ असं कुणी म्हटलं की बाबांची खात्रीच पटायची, हा बिनतिकीट. आणि बहुतेक वेळा तो निघायचाही तसाच, त्यामुळे त्यांना सुधारायची कधी गरज पडली नाही.

मी त्यांचीच मुलगी. आजही भाजीवालीने आपणहून कोथिंबीर जास्त घातली की मी जुडी उलटीपालटी करून बघते, आत कुजकं काय दडवलंय ते. सापडलं नाही की मला बरं वाटायला हवं, पण तसं होत नाही.

गिरण्यांचा संप संपलाय की चालू आहे हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या बुलढाण्याकडच्या तालुक्याच्या गावात मी बारावी झाले, मार्क चांगले पडले आणि मला मायक्रोबायोलॉजी शिकायचं होतं. गावात हा शब्द कुणाला नीट म्हणता येत नसे. आईने ‘मायकरोबा’ एवढ्यावर भागवलं. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी अर्ज भरायला लावला आणि मुंबईत, घाटकोपरच्या बाजूच्या एका कॉलेजात प्रवेश मिळालासुद्धा. प्रवेश सोपा होता. राहायचं कुठे, हा खरा घोळ होता.

बाबांनी रजा काढली, मला घेऊन मुंबईला आले, आणि निघतानाच सांगून टाकलं. रजा आहे तोवर धड जागा मिळाली तर तू राहा, नाही तर माझ्याबरोबर परत चल. परत म्हणजे तालुक्याच्या कॉलेजात बी. ए., आणि अकोल्याकडचा एक मुलगा, जो आधीच एकदा ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणत आईवडिलांसकट आमच्या घरी चहा पिऊन गेला होता. मुलगा वाईट नव्हता. पण तो बोलताना सतत खिशातला कंगवा काढून बघायचा, आणि मला त्याच्याबरोबर आयुष्य काढायचं नव्हतं.

आम्ही विक्रोळीला आत्याकडे उतरलो. आत्याचा नवरा तिथल्याच कारखान्यात होता. एक खोली, आणि माणसं इतकी की झोपायच्याही पाळ्या असायच्या. मुलगा उठून कामावर गेला की त्याच गादीवर रातपाळीहून आलेला बाप आडवा व्हायचा. आत्या म्हणाली, ठेव की हिला इथंच, माझ्या भाचीला मी काय टाकून देणार आहे का. बाबांनी अभ्यासाचं कारण सांगितलं. ते खरंही होतं, पण आत्या मला स्वयंपाकाला जुंपेल असाही त्यांना संशय होता. आत्याने तो बरोबर ओळखला आणि पुढे आम्ही होतो तोवर ती बाबांशी फक्त जेवायला वाढण्यापुरतं बोलली.

मागासवर्गीय मुलींचं सरकारी वसतिगृह होतं, तिथे आधी गेलो. ते भरलेलं होतं. रेक्टरबाई म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू. बाबांना हे ‘दिवाळीनंतर’ चांगलं माहीत होतं. त्यांची घराजवळ बदली व्हायची होती ती कित्येक वर्षं दिवाळीनंतरच व्हायची होती. तेव्हा आता राहिली खाजगी जागा. कुणाच्या तरी घरात पेइंग गेस्ट.

त्यासाठी बाबांची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी सकाळी आत्याच्या दाराबाहेर उभं राहून त्यांनी ती मला समजावून सांगितली. गेल्या गेल्या भाडं विचारायचं नाही. जागाही बघायची नाही. बसायचं आणि पाणी मागायचं. मग बघायचं. पाणी कशातून काढलं, कोणत्या भांड्यातून दिलं, हातात दिलं की खाली ठेवलं, आणि पिऊन झाल्यावर ते भांडं कुठे गेलं. एवढं बघितलं की घर कळतं, बाकी सगळी सजावट.

ही विद्या ते मुक्कामाच्या गाडीवर शिकले होते. शेवटची गाडी आडगावात मुक्कामाला थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपायचे, आणि सकाळी गाडी सुटण्याआधी कुणीतरी प्रतिष्ठित माणूस चहाला बोलवायचा. ड्रायव्हरला कपबशी यायची. बाबांना कान तुटलेला कप, तोही गोठ्याच्या कोनाड्यातून काढलेला, आणि चहा पिऊन झाला की तो त्यांनीच विसळून परत तिथे ठेवायचा. नव्या गावात ड्यूटी लागली की ते आता आधी पाणी मागत, आणि पाणी कसं येतं ते बघून चहाला हो किंवा नाही म्हणत. हे त्यांनी मला रागाने नाही सांगितलं. गाडीच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं, आणि त्यामुळे मलाच राग आला.

पण मला त्यांचा हा कारभार पटत नव्हता, हेही खरं. मला खिडकी बघायची होती, उजेड बघायचा होता. सगळ्यात जास्त मला टेबल हवं होतं. टेबलावर बसून अभ्यास असा मी कधी केलाच नव्हता. पाटावर, चुलीच्या उजेडात, आईच्या शिलाई मशीनच्या फळीवर, सगळीकडे केला होता. मला वाटे, लोकांच्या भांड्यांत डोकावत फिरण्यापेक्षा सरळ जागा बघावी, भाडं ठरवावं, मोकळं व्हावं. मी अठरा वर्षांची होते आणि शहाणी होते.

पहिली जागा बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या बाजूच्या सोसायटीत. नवरा-बायको आणि माझ्याच वयाची एक मुलगी. मुलीला सोबत हवी म्हणून पेइंग गेस्ट ठेवायची होती. लाकडी दारांच्या कपाटातला टीव्ही, त्यावर क्रोशाचं झाकण. बाबांनी पाणी मागितलं. ते ट्रेमधून आलं, फुलाफुलांच्या काचेच्या ग्लासांतून, बाईंनी हातात दिलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे पास. मुलीने तेवढ्यात मला आत नेऊन माझी कॉट दाखवली आणि कपाटातला कोणता खण मला देणार तेही सांगितलं. मी बाहेर आले तोवर गृहस्थ आडनावावर पोचले होते.

आमचं आडनाव असं आहे की ते महाराष्ट्रात सगळ्यांना वाटून दिल्यासारखं आहे. मराठ्यांत आहे, माळ्यांत आहे, आमच्यात आहे. त्यामुळे नुसतं आडनाव विचारून कुणाचं भागत नाही. गृहस्थ म्हणाले, अस्सं, म्हणजे मूळचे कुठले. बाबांनी तालुका सांगितला. म्हणजे त्या भागातले, बरं बरं, आणि कुलदैवत कुठलं आपलं. बाबा म्हणाले, कंडक्टरला कसलं कुलदैवत, सगळ्या जत्रांच्या जादा गाड्या मीच करतो. गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, आतून त्यांनी नवऱ्याला हाक मारली, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याला आठवलं की बायकोचा भाचा पुण्याहून शिकायला येणार आहे. मुलगी दारात उभी राहून आईकडे आणि आमच्याकडे बघत होती. तिला बहुधा हा भाचा कोण ते कळत नव्हतं. आम्ही चपला घातल्या तरी ट्रे टीपॉयवर तसाच होता.

जिना उतरताना बाबा म्हणाले, आपण जागा बघायला गेलो की लोकांच्या नातेवाइकांची चंगळ होते. मी हसले, पण दोन पायऱ्या उतरून थांबले. कारण पाणी तर नीट आलं होतं. म्हणजे बाबांची परीक्षाही पुरी पडत नव्हती, आणि तसं असेल तर आम्ही काय बघत फिरत होतो?

दुसरी जागा मुलुंडची. एका वयस्क बाईंचं तळमजल्यावरचं घर, त्या एकट्याच राहत. दार उघडलं ते साखळी लावूनच. साखळीतून त्यांनी आमची चौकशी केली, मग साखळी काढली, मग आम्ही आत आल्यावर परत लावली. आमच्यापेक्षा संशयी माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी आडनाव विचारलं नाही. जवळच्या नात्यात कुणी वकील आहे का, ते विचारलं. त्यांच्या बहिणीच्या घरात भाडेकरू शिरला होता तो कोर्टकचेऱ्या करून अजून बाहेर निघाला नव्हता. म्हणून अटी अशा, की या पत्त्यावर माझं एकही पत्र येता कामा नये, आणि दर अकरा महिन्यांनी ट्रंकेसकट चार दिवस बाहेर जाऊन राहायचं. त्या बोलत होत्या आणि मी खोलीकडे बघत होते. खिडकीत जांभळाचं झाड होतं, आणि खिडकीखाली टेबल. सागवानी, रुंद, एका बाजूला तीन खण. त्याच्यावर हात ठेवला आणि मी मनाने तिथे राहायलाच गेले.

बाबांनी पाणी मागितलं. बाई कणीक मळत असाव्यात, मनगटापर्यंत पीठ होतं. त्या आतून दोन स्टीलचे पेले घेऊन आल्या, आमच्या हातात न देता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि म्हणाल्या, “झालं की तिथेच ठेवा.”

मी घटाघटा प्यायले. बाबांनी पेल्याला हातच लावला नाही. विचार करून कळवतो म्हणाले आणि उठले.

स्टेशनकडे चालताना आमचं भांडण झालं, भर रस्त्यात. मी म्हटलं, त्यांच्या हाताला पीठ होतं. बाबा म्हणाले, पीठ धुता येतं. मी म्हटलं, त्या बाई देवालासुद्धा साखळीतून नमस्कार करत असतील, त्यांना सगळेच चोर वाटतात, त्यात आपलं विशेष काय. बाबा म्हणाले, तुला काय कळतंय. मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुम्हाला जागा शोधायचीच नाहीये, मला परत न्यायचंय म्हणून प्रत्येक घरात खोट काढताय. बाबांनी रसवंतीवर थांबून मला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही. मी रडत रडत तो प्यायले आणि रसवाल्याने बाबांकडे असं बघितलं की जसे काही ते मला पळवूनच नेत होते.

मुलुंडच्या त्या बाईंच्या मनात काय होतं ते मला आजही माहीत नाही. पीठ असेल. दुसरंही असेल. त्या टेबलाची मात्र मला कितीतरी वर्षं आठवण यायची, आणि प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात बाबांशी नव्याने भांडायचे. एवढं मात्र आहे की ज्या दिवशी मला पिठाची खात्री वाटायची, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती जायची.

आणखी दोन-तीन घरं बघून झाली होती आणि रजा संपत आली होती. आत्याच्या नवऱ्याने, झोपेतून उठून, कारखान्याच्या कँटीनमधल्या एका माणसाची ओळख काढली. मूळचा मालवणकडचा, आधी गिरणीत होता, संपात नोकरी गेली, आता कँटीनमध्ये लागला होता. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर चाळीत त्याची खोली होती आणि खोलीला पोटमाळा. तिथे कुणी शिकणारी मुलगी मिळाली तर हवी होती. बाबा म्हणाले, पोटमाळा म्हणजे काय जागा झाली का. पण गेलो.

तो माणूस कामावर गेलेला होता, मुलं शाळेत. घरात त्याची बायको एकटीच होती. पस्तिशीची, चुणचुणीत, तोंडाचा पट्टा चालू. बसा म्हणाली, ऊन किती, विक्रोळीहून आलात ना, चढण लागली असेल. बाबांनी पाणी मागितलं. तिने पितळी कळशीत तांब्या बुडवला, पदराने बाहेरून पुसला आणि सरळ बाबांच्या हातात दिला. बाबा प्यायले, मी प्यायले. मग उरलेलं पाणी तिने स्वतः वरून तोंडात ओतलं, तोंड पुसलं आणि चहाला आधण ठेवलं. चहा आला तो घरातल्या कपांतून. एकाही कपाचा कान तुटलेला नव्हता, मी मुद्दाम बघितलं.

बाबा इतके खूश झाले की मला ओळखू येईनात. त्यांनी पाय पसरले. मुंबईच्या चहाला आमच्याकडच्या म्हशीच्या दुधाची सर नाही, वगैरे सांगू लागले. मी शिडी चढून पोटमाळा बघितला. उभं राहता येत नव्हतं. एक हातभर खिडकी होती, तीतून खालची पत्र्याची छपरं दिसत. टेबलाची तर गोष्टच सोडा, पण उजेड होता, आणि फळ्या नुकत्याच घासून पुसून ठेवलेल्या होत्या.

आणि त्याचमुळे मला संशय यायला लागला. बोरीवलीच्या पाण्याने मी एकदा फसले होते. ही बाई एवढी गोड का? हिला अजून माहीत नाही, म्हणून. माहीत झालं की हिचाही भाचा येईल. मी शिडीवरून उतरत होते तेवढ्यात तिने आडनाव विचारलं, बाबांनी सांगितलं, आणि ती टाळी वाजवून म्हणाली, माझ्या मामाकडचे पण हेच. मग तिने सांगितलं की घरमालक पोटभाडेकरू ठेवू देत नाही. भाडं न्यायला त्याचा माणूस येतो आणि घरात नवीन चेहरा दिसला की कटकट करतो. त्यामुळे कुणीही विचारलं तर मी तिच्या मामाकडची, शिकायला आलेली. आडनाव एकच आहे, कुणाला शंकाही यायची नाही.

“चालेल की,” बाबा म्हणाले.

मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून त्यांच्याकडे बघतच राहिले. या माणसाने सख्ख्या मेहुण्याचं तिकीट फाडलं होतं. लग्नाच्या वऱ्हाडात नवरदेवाला तिकीट विचारलं होतं. आणि तो मला आता पदवी मिळेपर्यंत बिनतिकीट बसवायला निघाला होता. मला त्यांचा भयंकर राग आला. मग मी त्यांचा चेहरा बघितला. ते थकलेले होते. एवढे दिवस घरोघरी पाणी पिऊन त्यांचं पोट भरलं होतं, उद्या गाडी होती, आणि त्यांना मला परत न्यायचं नव्हतं. मुलुंडच्या रस्त्यावर मी जे बोलले होते ते किती खोटं होतं ते मला तिथे कळलं.

तरी माझ्याच्याने ते होईना. मामाकडची म्हणून राहायचं तर रोज राहावं लागणार होतं. मामाच्या गावचं विचारलं तर सांगावं लागणार, ट्रंकेतला निळ्या कोटातला फोटो ट्रंकेतच ठेवावा लागणार, घरून पत्र आलं की वरचा ‘जयभीम’ कुणी वाचला तर नाही ना, हे बघावं लागणार. परत गेले असते तर निदान स्वतःच्या घरी गेले असते.

मी म्हटलं, “मावशी, आम्ही बौद्ध आहोत. तुमच्या मामाकडचे नाही.”

बाबांनी कप खाली ठेवला. बाईचं हसू गेलं, आणि मला आतून एकदम शांत वाटलं, कारण हे हसू जाणार हे मला माहीतच होतं. मी चपलांकडे बघितलं.

तोवर ती आमच्याशी चाळीतलं मुंबईचं मराठी बोलत होती. आता ते गेलं. “माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “तुमी पाणी मागलात तेवाच समाजला.”

बाबांना कळेना. मलाही कळेना. मग ती जी चिडली ती चिडलीच. म्हणाली, “जागा बघूक येतत ते आधी भाडा इचारतत. मगे नळाक पाणी कधी येता ता इचारतत. इल्या इल्या प्यायचा पाणी मागतत आणि देणारणीच्या हाताकडे बघत रवतत ते तुमीच. परळाक आमच्या शेजाराक तुमचेच होते. तेंची म्हातारी असाच करी. माझ्याच घरात बसान माझी परीक्षा घेतास?”

बाबांची मान खाली गेली. एवढ्या वर्षांत त्यांना कधी सुचलं नसेल की परीक्षा घेणाऱ्याचीही ओळख पटते. आम्ही घरोघरी जाऊन कुणाला ओळखू द्यायचं नाही म्हणून आडनावाच्या आड बसत होतो, आणि तोंड उघडून पहिलं वाक्य बोललो की आपलं आपणच सांगत होतो. सगळ्यांना कळत नसेल. पण जिला कळलं होतं तिने तरीही तांब्या हातात दिला होता, आणि तो कशासाठी मागितलाय हे ओळखून मनातल्या मनात जळत दिला होता. मला तिच्यासमोर लाज वाटली, आणि तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटत होता तरी ठेवता येईना, याचंही वाईट वाटलं.

मामाकडची म्हणायचं ते फक्त घरमालकासाठी, ती म्हणाली. चाळीतल्या चार घरांना ती खरं सांगणार होती, कारण चाळीत काही लपत नाही आणि लपवलं तर जास्त बोंब होते.

मग मी तो प्रश्न विचारला जो कंडक्टरच्या मुलीलाच सुचेल. चहा ठेवताना बोलता बोलता तिने सासूचा उल्लेख केला होता. सासू गावाला होती आणि वर्षातले काही महिने इथे येऊन राहायची. मी विचारलं, “आणि सासूबाई आल्या की?”

तिने स्टोव्हची हवा सोडली. कप गोळा केले, आमचे आणि तिचा, एकात एक घालून मोरीत ठेवले. मग उंबऱ्यावर बसली.

“ता माका आज सांगूक येवचा नाय,” ती म्हणाली. “सासू जुनी आसा. ती इली की मी तुझ्या बाजूक उभी रवतलंय, असा सांगान तुका फसवूचंय नाय. तेवा काय होतला ता तेवाच समाजतला.”

बाबांनी मान वर केली. त्यांच्या नोकरीत शपथा घेणारे खूप भेटले होते. गाडीत उभं राहून ‘तिकीट काढलं नाही, पुढचं पुढे बघू’ असं सांगणारं माणूस फार तर एखादं भेटलं असेल. मग त्यांनी मला विचारलं, “तुला काय वाटतं, माय?” एवढ्या दिवसांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. मी म्हटलं, राहते. बोरीवलीला मला कपाटातला खणसुद्धा मिळाला होता. इथे कुणी काहीच कबूल केलं नव्हतं, आणि म्हणूनच मी हो म्हटलं.

त्या पोटमाळ्यावर मी पदवी मिळेपर्यंत राहिले. सासूबाई आल्या तेव्हा काही दिवस बरे गेले, काही फार वाईट गेले. एकदा मावशी माझ्या बाजूने उभी राहिली आणि एकदा राहिली नाही, आणि दोन्ही वेळा ती माझ्याशी नीट नजर देऊन बोलली. फोटो मी पहिल्याच आठवड्यात खिडकीशेजारी लावला. खोक्यावर फळी टाकून टेबल केलं, ते डुगडुगायचं.

बाबा दुसऱ्या दिवशी मला ट्रंकेसकट तिथे सोडून गेले. मी त्यांना उताराच्या खालपर्यंत सोडायला गेले. पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बाई चांगली आहे. दोन पावलं गेले आणि परत आले. म्हणाले, तरी लक्ष ठेव.

मी वर आले तेव्हा मावशीने पानं मांडली होती. तिचं, मुलांची आणि माझं. मी बसले. तिने फळीवरून वाटी काढली तेव्हा ती कुठल्या फळीवरून काढली हे मी बघितलं. भात वाढताना तिचा डाव माझ्या ताटाला लागतो की वर राहतो हे बघितलं. माझ्या हातात नव्हतं ते. डोळे आपोआप तिकडे जात होते, मान वळवली तरी जात होते. तिने डाव थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. आता ही चिडणार असं मला वाटलं.

“बघ,” ती म्हणाली. “बघूचा तितक्या बघ. पण जेव आधी.”

आणि डाव ताटावर आपटून भात पाडला. मी जेवायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात खरकटा होता. ती मुलांना वाढत होती, मग तिने स्वतःला वाढून घेतलं. मी जेवत होते, आणि बघतही होते.